गूगल रीडर मेला की मारला? (फीडवाली आरएसएस, शाखेचा विषय नाही)

रंकाळ्याचा_बगळा

मंडळी, गणपतीच्या आधीची साफसफाई चाललेली. माळ्यावरचा जुना सीपीयू खाली काढला, भंगारवाल्याला द्यायच्या आधी म्हणलं हार्डडिस्क लावून बघू, फोटो असले तर वाचतील. फोटो निघाले थोडे, केंदाळानं रंकाळा पार हिरवा झालेला तेव्हाचे, आणि एका फोल्डरात एक फाईल निघाली, सबस्क्रिप्शन्स डॉट एक्सएमएल, तारीख २८ जून २०१३. नोटपॅडात उघडली तर माझी गूगल रीडरची आख्खी यादी! १४३ फीड, म्हणजे १४३ साइटचं नवीन लिखाण आपोआप यायची सोय. १ जुलैला रीडर बंद होणार म्हणून त्या शुक्रवारी रात्री जागून उतरवून घेतलेली आणि मग आयुष्यात परत कधी उघडली नाही.

भाचा शेजारी बसलेला, बारावीला आहे. विचारतोय मामा हे काय. म्हणलं आरएसएस. तर म्हणतो तू शाखेत जायचास? घ्या.

त्याला सांगायला गेलो तर मलाच नीट सांगता येईना. शेवटी म्हणलं हे बघ, सकाळी पेपर टाकणारा पोरगा येतोय ना, आपण त्याला सांगायचं की ह्या घरात हे दोन पेपर आणि हे एक मासिक, तो तेवढंच दारात टाकणार, आलं त्या क्रमानं टाकणार, मधे स्वतःच्या मनानं चार पत्रकं घुसडणार नाही. रीडर म्हणजे तो पोरगा. तुला आवडणाऱ्या साइटवर जायचंच नाही, साइटनं नवीन काही लिहिलं की ते तुझ्या दारात. भाचा दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणला, "मग बंद कशाला केलं, चांगलं होतं की."

ह्यावर माझ्याकडं धड उत्तर नव्हतं, म्हणून इथं विचारतोय. माझा समज असा की गूगलनं गूगल प्लस (त्यांचं फेसबुकसारखं) चालवायच्या नादात मुद्दाम मारलं. पुण्याला आयटीत असलेला माझा दोस्त म्हणतोय की तुमच्यासारख्या चार येड्यांशिवाय ते कुणाला नकोच होतं, आपोआप मेलं असतं. खरं काय समजायचं? आणि बाकीच्या कंपन्यांचा ह्यात काय हात होता का नुसतं गूगललाच धरायचं?

---

जुना_कॅफेवाला

भावा दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अर्धं आहे. राजारामपुरीत माझं सायबर कॅफे होतं २००३ ते २०१०, हे सगळं समोर बसून बघितलंय, जरा लांबड लागेल, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, ह्या आरएसएसच्या घरातच भाऊबंदकी होती. १९९९ च्या मार्चमध्ये नेटस्केप ह्या ब्राउझरवाल्या कंपनीत हे जन्मलं, रामनाथन गुहा आणि डॅन लिबी ह्यांनी काढलं, गुहा म्हणजे आयआयटी मद्रासचा माणूस. नेटस्केपचं पोर्टल होतं, तिथं लोकांनी आपापल्या साइटचे मथळे आणून लावावेत एवढाच हेतू. त्याच सुमाराला नेटस्केप एओएलच्या ताब्यात गेली आणि त्यांना ह्या पोराची काही पडलेली नव्हती, २००१ ला त्यांनी हात काढून घेतला. पोर वाऱ्यावर. मग लागली भांडणं. एका गटानं डिसेंबर २००० ला १.० काढलं (त्या गटात ॲरन स्वार्ट्झ होता, वय वर्षं १४!), दुसऱ्या बाजूला डेव्ह वायनर, ब्लॉगचं सॉफ्टवेअर बनवणारा, त्यानं आपलं ०.९२ काढलं आणि २००२ ला सरळ २.० जाहीर केलं. आता कुणालाही वाटणार २.० म्हणजे १.० ची सुधारलेली आवृत्ती. छे छे. दोन वेगळी घराणी, आरएसएस ह्या अक्षरांचा अर्थसुद्धा दोघांचा वेगळा. ह्या कटकटीला वैतागून तिसऱ्यांनी ॲटम म्हणून वेगळंच काढलं, २००५ ला ते रीतसर मान्य झालं. गुंठाभर बांधासाठी तीन भाऊ कोर्टात जातात आणि रान पडीक राहतंय तसला प्रकार. रान पडीक नाही राहिलं हे नशीब, रीडर बनवणारे तिन्ही प्रकार वाचायचे त्यामुळं वाचणाऱ्याला फरक कळायचा नाही. पण त्या वेळी ही मंडळी एकमेकांची डोकी फोडत होती तेव्हा सामान्य माणसाला सोपं करून सांगायला कुणीच मोकळं नव्हतं.

आता गूगल. रीडर आला ऑक्टोबर २००५ ला. त्याच्या आधी बाजार रिकामा नव्हता हे लोक विसरतात. ब्लॉगलाइन्स होतं २००३ पासून, मी तेच वापरायचो. न्यूजगेटर होतं, मॅकवर नेटन्यूजवायर, विंडोजवर फीडडेमन. काही विकत घ्यायला लागायचे आणि लोक घ्यायचे. मग गूगल आलं फुकट, जलद, शोधायची सोय चांगली, जे आणि के बटणं दाबत सटासट खाली. कोण कशाला दुसरीकडं जाईल? गल्लीत चार खानावळी असाव्यात आणि कुणा पैसेवाल्यानं मांडव घालून रोज फुकट जेवण सुरू करावं, तसं झालं. चार-पाच वर्षांत खानावळींच्या चुली थंड. न्यूजगेटरनं २००९ ला आपली ऑनलाइन सेवा बंद केली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं आता गूगल रीडरला जोडून घ्या. ब्लॉगलाइन्स आस्कनं विकत घेतलेलं, २०१० ला त्यांनी बंद करायची घोषणा केली, मग दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं. जे ॲप उरले ते पण आतून गूगल रीडरच्याच खात्यावर चालायचे, म्हणजे ताट ह्यांचं आणि भाजी मांडवातली.

आणि मग १३ मार्च २०१३ ला मांडववाल्यानं सांगितलं, साडेतीन महिन्यांनी चूल बंद. कारण काय तर जेवायला माणसं कमी येतायत. दुसऱ्याच दिवशी फीडडेमन बनवणाऱ्यानं पण सांगून टाकलं की मी पण थांबतो, कारण त्याचं सगळं गूगलवर टेकलेलं. गूगलनं रीडर बंद केला ह्याचा मला तेवढा राग नाही, कंपनी आहे, नाही परवडलं. आठ वर्षांत बाकीच्यांची चूल विझवून मग स्वतःची विझवली हा खरा घाव.

गूगल प्लसचं म्हणतोयस तर तो पुरावा २०१३ चा नाही, २०११ चा. रीडरमध्ये आपली आपली मंडळी असायची आठवतंय का, एखादा लेख वाचला की "शेअर" दाबायचा, खाली दोन ओळी लिहायच्या, मित्रांना त्यांच्या रीडरात दिसायचं, तिथंच वाद घालायचे. २०११ च्या ऑक्टोबरच्या शेवटाला ते सगळं काढलं आणि म्हणले आता प्लसवर शेअर करा. इराणमध्ये तर ह्याच सोयीवर लोक सेन्सॉरला चुकवून बातम्या वाचायचे, त्यांची बोंब त्या वेळी जगभर ऐकू गेलेली. कट्ट्यावरची बाकडी उचलून नेली की कट्ट्यावर येणारे कमी होणारच. दीड वर्षानं म्हणायचं बघा, येतच नाहीत कोणी!

---

पेठेतला_शहाणा

कॅफेवाले काका, खानावळीचं लई भारी सांगितलंसा, पण मी दोस्ताच्या बाजूनं.

२०१० ला मी उद्यमनगरात एका कंपनीत कामाला होतो, ऑफिसात चाळीस माणसं, सगळ्यांपुढं कॉम्प्युटर. त्यात रीडर वापरणारे दोन. एक मी आणि एक साहेब, आणि साहेबाला मीच घालून दिलेलं. बाकीच्यांना दाखवायचा प्रयत्न केला. वेबसाइटवर ते केशरी चौकोन असायचे, वळलेले पांढरे पट्टे असलेले, माणूस दाबणार त्याच्यावर आणि समोर काय येणार, कोडचा डोंगर! कंसात कंस कंसात कंस. माणूस घाबरून मागं यायचा, काहींना वाटायचं व्हायरस आला. क्रोम २००८ ला आला त्यात तर फीड दाखवायची सोयच नव्हती. ज्या गोष्टीचं पहिलं दर्शन असलं भेसूर ती घरोघरी जाणार कशी?

आणि दुसरं, खरं सांगा, तो न वाचलेल्यांचा आकडा. १०००+. चार दिवस गावाला गेलो आणि आलो की १०००+. हजाराच्या पुढं मोजायचाच नाही तो. वाण्याची उधारीची वही उघडल्यासारखं वाटायचं. शेवटी "सगळं वाचलं" असं खोटं बटण दाबून मोकळं व्हायचं. फेसबुकवर असलं ओझं नव्हतं, खाली सरकवत बसायचं, सुटलं ते सुटलं, कुणी हिशोब मागत नाही. लोकांनी ते निवडलं. गूगलनं बंदूक रोखली नव्हती कुणाच्या डोक्यावर.

आणि आपल्याकडचं तर वेगळंच. आपल्या जिल्ह्यात खरं इंटरनेट आलं ते २०१६ ला जिओ आल्यावर, मोबाईलवर. तोवर रीडर जाऊन तीन वर्षं झालेली. माझ्या आईला व्हॉट्सॲप येतंय, युट्यूब येतंय, वेबसाइटचा पत्ता टाकायची वेळ तिच्यावर एकदाही आलेली नाही. तिच्यापुढं फीड रीडर कधी आलाच नाही, मग तो मेला काय आणि जगला काय.

---

रंकाळ्याचा_बगळा

@पेठेतला_शहाणा १०००+ वर हसलो जोरात, बायको बघायला आली काय झालं. पण भावा एक सांग, लोकांना फीड नकोच होतं म्हणतोस तर आज सगळे दिवसभर फीडच बघतायत की, नाव पण तेच ठेवलंय.

---

जुना_कॅफेवाला

बगळ्यानं बरोबर नस पकडली. शहाण्या, मोबाईलच्या होम स्क्रीनवर बोट उजवीकडं सरकव, बहुतेक अँड्रॉइडवर एक पान येतंय, बातम्यांची रांग. गूगलनं ते २०१७ ला आणलं तेव्हा त्याचं नावच फीड होतं, पुढच्या वर्षी डिस्कव्हर केलं. म्हणजे रीडर "कमी लोक वापरतात" म्हणून बंद केला आणि चार वर्षांनी करोडो मोबाईलवर न मागता फीड लावला. फरक एवढाच की पहिल्यात यादी बगळ्यानं केलेली, १४३ ओळींची, फाईल करून घरी नेता येणारी. दुसऱ्यात यादी त्यांनी केलेली आणि ती तुला बघायला पण मिळत नाही. मी एकदा ट्रॅक्टरच्या बॅटरीची किंमत बघितली तर महिनाभर ट्रॅक्टर.

ब्राउझरचं तू म्हणालास ते मात्र शंभर टक्के मान्य, आणि माझ्या मते खरा घोटाळा तिथंच आहे, रीडर बंद होणं हे नंतरचं. एक काळ असा होता की सगळे ब्राउझर ह्याच्या मागं होते. २००५ ला ॲपलनं सफारीत आरएसएस घातलं आणि जाहिरातीत मिरवलं. तो केशरी चौकोन मूळचा फायरफॉक्सचा, मायक्रोसॉफ्टनं २००५ च्या डिसेंबरात सांगितलं आम्ही पण हाच वापरणार. मायक्रोसॉफ्टनं दुसऱ्याचं चिन्ह घेतलं, विचार करा! इंटरनेट एक्स्प्लोरर ७ मध्ये तर दाबलं की कोडचा डोंगर यायचा नाही, नीट वाचता येणारं पान यायचं. म्हणजे सोपं करता येत होतं, केलं पण होतं. मग एकेकानं काढलं. सफारीतनं २०१२ ला गेलं. फायरफॉक्सनं डिसेंबर २०१८ ला ६४ व्या आवृत्तीत. क्रोमचं तू सांगितलंसच. ट्विटरवर प्रत्येकाच्या खात्याला फीड असायचा, २०१३ च्या जूनमध्ये जुनी एपीआय (बाहेरच्या प्रोग्रामनं माहिती घ्यायचं दार) बंद केली त्यात तो गेला, म्हणजे रीडर जायच्या वीसेक दिवस आधी. दुकानदारानं फळीवरनं माल काढून ठेवायचा आणि म्हणायचं मागणी नाही.

---

चुलीवरची_आक्का

मी दुसऱ्या बाजूनं सांगते, लिहिणाऱ्यांच्या. इथं सगळे वाचणारेच बोलायला लागलेत.

माझा रेसिपीचा ब्लॉग होता, २००९ ला सुरू केला, आपल्याकडचंच सगळं, खर्डा, अळणी पाणी, दावणगिरी नव्हे आपला साधा लोणी डोसा, असलं. सुरवातीला पूर्ण लेख फीडमध्ये जायचा कारण मला त्यातलं काही कळतच नव्हतं, ब्लॉगरवर आपोआप चालू असायचं. बाजूला फीडबर्नरची छोटी पाटी लावलेली, किती जण फीड घेतात त्याचा आकडा दाखवणारी. रोज सकाळी आधी तो आकडा बघायचा मग दूध तापवायचं. ३०० झाले त्या दिवशी शेजारी पेढे वाटले, त्यांना वाटलं पोरगी पास झाली.

मग एके दिवशी मैत्रिणीचा फोन, तुझा पांढरा रस्सा दुसऱ्याच साइटवर आहे. बघितलं तर शब्द न् शब्द, फोटोसकट, फोटोत मागं माझ्या सासूबाईंचा हात दिसतोय बांगड्यांचा! कुणीतरी फीड घेऊन आपोआप छापणारी साइट काढलेली, भोवतीनं जाहिरातीच जाहिराती. मी लिहून पाठवलं, उत्तर नाही. मग कुणीतरी सांगितलं सेटिंगमध्ये जाऊन फीड छोटा कर, पहिल्या चार ओळीच जाऊ देत. केलं. चोर थांबला, आणि वाचणारे पण थांबले. तीन-चार जणांनी कॉमेंटमध्ये वैतागून लिहिलं की ताई आता प्रत्येक वेळी क्लिक करून यायला लागतंय, आम्ही ऑफिसातनं वाचतो, तिथं ब्लॉग उघडत नाहीत. आणि त्यांचं पण बरोबरच होतं.

माझं तर घरगुती, पण मोठ्या साइटवाल्यांचं पण हेच गणित. फीडमध्ये वाचलं की माणूस साइटवर येत नाही, आला नाही की जाहिरात दिसत नाही, कोण वाचतंय ते पण कळत नाही. फीड कुणाचं नाव विचारत नाही, माग ठेवत नाही. वाचणाऱ्याला हे बरं, धंदा करणाऱ्याला हेच खुपतंय. गूगलनं २००७ ला फीडबर्नर घेतलं तेव्हा वाटलं आता काहीतरी वाट निघेल, फीडमध्येच जाहिराती येतील, दोन पैसे मिळतील. आल्या पण थोड्या दिवस, २०१२ ला बंद केल्या. ईमेलनं पाठवायची सोय तेवढी राहिलेली, ती २०२१ ला थांबवली. रीडर पण त्यांचाच, फीडबर्नर पण त्यांचंच, जाहिरातीचं दुकान पण त्यांचंच, आणि तिन्ही एका घरात असून जमवता आलं नाही ह्यांना? जमवायचं नव्हतं असं मी म्हणेन. शोधायला माणूस गूगलवर आला की जाहिरात दिसते, फीडमधनं थेट माझ्याकडं आला तर गूगलला काय मिळणार, माझ्या हातचा खर्डा?

मग मी पण सगळ्यांसारखी एका सोशल मीडियावर पेज काढून बसले. पहिले दोन वर्षं काय ते कौतुक! मग एकदम दिसेनासं झालं, ४००० लोक पेजला जोडलेले आणि पोस्ट बघितली १२० जणांनी, खाली निळं बटण, पैसे भरा म्हणजे अजून दाखवतो. माझ्याच लोकांना माझीच पोस्ट दाखवायला पैसे. फीडचा आकडा ३०० होता पण ते ३०० माझे होते हो, मधे कुणी दारात उभा नव्हता.

---

लक्ष्मीपुरी_डीटीपी

आक्का लोणी डोसा म्हणून विषय तोडू नका, भूक लागली.

एक मुद्दा कुणी काढलेला नाही. मराठीत फीड रीडर रुजलाच नाही त्याचं कारण गूगल पण नाही आणि फेसबुक पण नाही, फॉन्ट! मी तीस वर्षं डीटीपी करतोय. २००५-०६ च्या सुमाराला बऱ्याच मराठी साइट युनिकोडमध्ये (अक्षरं सगळीकडं सारखी दिसायची पद्धत) नव्हत्याच, प्रत्येकाचा आपला वेगळा फॉन्ट. साइटवर नीट दिसायचं कारण साइट तो फॉन्ट सोबत पाठवायची. तोच मजकूर उचलून रीडरमध्ये टाकला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ, मधे एक डॉलर, एक टोपी, दोन कंस. म्हणजे फीड देऊन पण उपयोग नाही. रीडरची जी भरभराटीची वर्षं, त्यात मराठीचं अर्धं गाव आपापल्या फॉन्टच्या कुलपात बसलेलं. ब्लॉग लिहिणारे तेवढे युनिकोडमध्ये होते म्हणून बगळ्याच्या यादीत मराठी म्हणून जे असेल ते सगळे ब्लॉगच असणार, पैज लावतो. आणि बाकीच्या साइट युनिकोडला आल्या तोवर लोक फेसबुकवर मराठी टाईप करायला शिकलेले. गाडी स्टँडवर लागेपर्यंत पॅसेंजर वडापनं गेले.

---

रंकाळ्याचा_बगळा

@लक्ष्मीपुरी_डीटीपी पैज जिंकलासा. आत्ता बघितलं, १४३ पैकी मराठी २९, आणि २९ च्या २९ ब्लॉग.

---

पाचवी_गल्ली

नुसतं नॉस्टॅल्जिया नॉस्टॅल्जिया काय करतायसा रे. ह्याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध ते सांगा कोणीतरी.

---

घाटावरचा

@पाचवी_गल्ली संबंध मी सांगतो. २०१९ चा ऑगस्ट, कोल्हापूरचा महापूर.

तुला माहितेय, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका. त्या आठवड्यात घरातलं पोरगंपण आकडा तोंडपाठ म्हणायचं. माझी मावशी आंबेवाडीला, पाणी पहिल्यांदा शिरतंय ते तिकडंच, चिखली आणि आंबेवाडी. मी इकडं मोबाईल धरून बसलेलो, एका सोशल मीडिया ॲपवर गावातली दोन-तीन पेजेस पाण्याचा आकडा टाकायची. रात्री उघडलं तर सगळ्यात वर काय, "पाणी ४१ फुटांवर, नागरिकांनी घाबरू नये". खाली चारशे कॉमेंट. म्हणलं बरं आहे, अजून दोन फूट आहेत, सकाळी जाऊन मावशीला आणतो. तेवढ्यात सहज त्या पोस्टच्या कोपऱ्यात बघितलं, बारीक अक्षरात, २ दिवसांपूर्वी. दोन दिवस! कॉमेंट जास्त म्हणून ती वर. नवीन आकडा खाली कुठंतरी लोळत पडलेला, त्याला सात लाइक, तो बघितला तर धोक्याची पातळी कधीच मागं पडलेली. फोन लावला, मावशी म्हणते अरे गोठ्यात पाणी आलंय, म्हशी सोडल्या, आम्ही निघालोय ट्रॉलीतनं. देवानं राखलं.

आलं त्या क्रमानं दाखवा, नवीन वर जुनं खाली, ही एवढी साधी गोष्ट. फीड रीडरमध्ये हेच होतं. त्याला काय हुशारी लागत नव्हती. ट्विटरनं पण २०१६ ला क्रम मोडून आपला क्रम लावला. करमणुकीला चालतंय ओ, कुणाच्या लग्नाचा फोटो दोन दिवस उशिरा दिसला तर कुणाचं काय जात नाही. पाण्याचं तसं नाही. त्यानंतर आमच्या गल्लीत व्हॉट्सॲप ग्रुप काढला, तिथं निदान क्रम तरी लागतोय, पण तिथं दुसरी आफत, राधानगरीचे दरवाजे उघडल्याचा गेल्या वर्षीचा व्हिडिओ दर पावसाळ्यात नवीन म्हणून फिरतोय.

---

पेठेतला_शहाणा

@घाटावरचा हे वाचून गप्प बसलो. मान्य. १०००+ परवडला.

तरी एक शंका राहतेच, सरकारी आकडा कुठं फीडमध्ये येत होता? रीडर असता तरी त्यात पाण्याची पातळी आली असती काय?

---

घाटावरचा

नसती आली, कुणी दिलीच नसती तर. पण ती पेजेस चालवणारी पोरं ब्लॉगवर टाकत असती तर आली असती. ती ब्लॉगवर का टाकत नव्हती ते आक्कांनी वर सांगितलंय.

---

जुना_कॅफेवाला

आता बगळ्याला कामाचं सांगतो कारण ह्या सगळ्यात एक गोष्ट निसटायला लागलीय. मेला तो रीडर, आणि तो पण सगळा नाही. फीड जिवंत आहे. वर्डप्रेसच्या जवळजवळ कुठल्याही साइटच्या पत्त्यापुढं स्लॅश देऊन फीड लिहून बघ, निघतोय. ब्लॉगरचे पण चालू आहेत. युट्यूबच्या प्रत्येक चॅनेलला अजून आतून फीड आहे, दाखवत नाहीत कुठं एवढंच. आणि पॉडकास्ट म्हणजे दुसरं काय, आरएसएसमध्येच आवाजाची फाईल चिकटवलेली. भाचा कानात बोंडं घालून ऐकतोय ते बऱ्याचदा ह्याच नळातनं येतंय, त्याला सांग.

तुझी ती फाईल ओपीएमएल आहे, म्हणजे फीडची यादी ठेवायचा सगळीकडं चालणारा प्रकार, ती जशीच्या तशी आजच्या कुठल्याही रीडरमध्ये घालता येते. २०१३ ची फाईल दुसऱ्याच कंपनीच्या ॲपमध्ये एका झटक्यात उघडते, हे आज दुसऱ्या कशाच्या बाबतीत होतंय सांग. रीडर बंद होणार असं जाहीर झालं तेव्हा फीडलीवर ४८ तासात ५ लाख लोक गेले ते ह्याच मोकळेपणाच्या जोरावर. फीडली आहे, इनोरीडर आहे, न्यूजब्लर आहे, आयफोन असला तर नेटन्यूजवायर फुकट. कॉम्प्युटरवर मेलसाठी थंडरबर्ड वापरत असशील तर त्यातच होतंय, वेगळं काही नको. फक्त ह्या खेपेला एकाच मांडवात जेवू नको, फाईल महिन्याला एकदा उतरवून ठेवत जा.

---

रंकाळ्याचा_बगळा

काका लई उपकार. काल रात्री बसलो भाच्याला घेऊन. फाईल घातली, एका मिनिटात १४३ च्या १४३ नावं डावीकडं उभी राहिली, माझेच जुने फोल्डर, "रोज", "सवडीनं", आणि एक "वाचायलाच पाहिजे" ज्यातलं कधीच वाचलं नव्हतं.

मग एकेक तपासलं. १४३ पैकी ३४ चालू. मराठी २९ पैकी ३ चालू, त्यातल्या एकानं गेल्या मार्चमध्ये लिहिलंय, बाकी दोघांनी वर्षातनं एखादं. बाकीचे काही नुसते गायब, आणि एक कवितांचा ब्लॉग होता त्याचा पत्ता आता कुणीतरी जुगाराच्या साइटला लावलाय, फीड मात्र चालू, रोज तीन पोस्ट, रमी खेळा. तो काढला.

भाच्यानं स्वतःचा एक फोल्डर केला, त्यात चार युट्यूब चॅनेल घातले. आज सकाळी विचारतोय, मामा ह्यात कालपासून नवीन काही आलंच नाही, बिघडलं काय. म्हणलं बिघडलं नाही, त्यांनी टाकलं नाही म्हणून आलं नाही. त्याला हे पटेनाच, दोनदा रिफ्रेश करून बघितलं.

आक्का, तुमच्या ब्लॉगचा पत्ता द्या की. चालू असला तर ३५ होतील.

---

चुलीवरची_आक्का

२०१७ नंतर काही लिहिलं नाही रे त्यावर. पासवर्ड आठवतोय का बघते. फीड पूर्ण करून ठेवते आधी.